साडेअकरास एक

३ फेब्रुवारी

ताई,

तुला नमस्कार-चमत्कार चालत नाहीत म्हणून थेट मुद्द्यावर येतो. सोबतच्या खोक्यात आपल्या गाडीच्या इंजिनाचं हेड आहे. जुन्या चादरीत गुंडाळलंय, चादर परत पाठव. ते खालून घासून मला साडेअकरास एक करून हवंय. आत्ता साडेनऊ आहे.

काल शेजारचा शिंपी चहा प्यायला आला होता, त्यानं विचारलं, हे साडेअकरा काय प्रकरण आहे. मी म्हटलं, पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढा वायू मावतो, तो पिस्टन वर आला की साडेअकरा पट चेपला जातो. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ते घासलं की वरची जागा कमी होते, वायू आणखी चेपला जातो, स्फोट दांडगा होतो आणि गाडी पळते. तो म्हणाला, म्हणजे कपडा तंग शिवायचा. मी म्हटलं, अगदी तसंच.

घाटाची शर्यत महिनाअखेरच्या रविवारी आहे. गेल्या वर्षी माझी भिंगरी आपली गाडी चालवत होती आणि लालगाडीवाल्याच्या मागे राहिली ती डोळ्याची पापणी लवेपर्यंतच्या फरकानं. पोरगी तेव्हापासून हसून बोलते, पण मला कळतं. पुढच्या वर्षी मास्तरीणबाईंची दूरच्या शाळेत बदली होणार, मग कुठली गाडी आणि कुठला घाट. जे काय करायचं ते आत्ताच.

लवकर कर. तुझ्या मशीनवर गिऱ्हाइकांची रांग असते हे ठाऊक आहे, पण सख्ख्या भावाला रांग लावू नकोस.

तुझा,
कानसेन


७ फेब्रुवारी

कानसेन महाराज,

हेड पोचलं. चादर धुवायच्या लायकीचीही नाही, ती मी पुसायला घेतली.

हेड उलटं करून, वर काच ठेवून, रंगीत पाणी सोडून चारही खोलगटांचं माप घेतलं. चारही सारखे आहेत, काम चांगलं केलं होतंस. पण साडेअकरा मला पटत नाही. माझं गणित दहा सांगतं, आणि दहाच्या वर जायला माझा हात धजत नाही.

कारण ऐक. तू राहतोस उंचावर. तिथे हवा विरळ, गार, इंजिनाच्या पोटात जातेच कमी. तिथे साडेअकरा गोड लागेल. शर्यत सुरू होते पायथ्याला, जिथे हवा दाट आणि उन्हानं तापलेली. आणि घालणार साधं पंपावरचं पेट्रोल. इतकं चेपलं की पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आपलं आपण पेटतं, पिस्टन वर येत असतानाच त्याच्या टाळक्यात हातोडा बसतो. असे थोडे हातोडे पिस्टन सोसतो, मग त्याचा कपचा उडतो आणि इंजिन जाम. इंजिन जाम म्हणजे मागची चाकं जाम. चौथ्या वळणाला कठडा नाही हे मी तुला सांगायला नको. तंग शिवलेलं उसवतं, हे शिंप्यानं सांगितलं नाही वाटतं.

घासून काढलेला धातू परत लावता येत नाही. म्हणून अजून मशीनवर चढवलेलं नाही.

आणि फोन उचलत जा. कधीही केला तरी भिंगरीच उचलते आणि बाबा कामात आहेत म्हणते. मंत्री झालास की काय?

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

फोनवर आकड्यांचा घोळ होतो. लिहिलेलं बरं, पुन्हा वाचता येतं.

तुझं गणित बरोबर आहे, मी कुठे नाही म्हणतोय. पण गणित करणाऱ्यांकडे कान नसतो. अकाली स्फोट व्हायला लागला की इंजिन आधी बोलतं. चढावर, जोर लागला की, आतून बारीक टणटण येते. तिला नॉकिंग म्हण नाहीतर काहीही म्हण. ती ऐकू आली की मी ठिणगीची वेळ जराशी मागे घेतो आणि इंजिन गप्प होतं. लोक गाड्या घेऊन इतक्या लांबून माझ्याकडे का येतात? मी लांब पेचकस इंजिनाला टेकवून दांडा कानाशी धरतो आणि कुठल्या सिलिंडरला काय दुखतंय ते सांगतो, म्हणून. हे नाव मला तूच ठेवलंस.

साडेअकरावर पहिली टणटण झाली की मला कळेलच. नाही झाली, तर तुझ्या दहापेक्षा दीडनं पुढे. यात कुणाचं काय बिघडलं?

माझ्यावर नाही तर माझ्या कानावर तरी विश्वास ठेव. भिंगरीसाठी मागतोय, स्वतःसाठी नाही.

कानसेन


१४ फेब्रुवारी

बाबा रे,

केलं. साडेअकरास एक. मशीन चालू करताना दोनदा बंद केली, हे तुला कळू दे.

तुझ्या कानावर केलंय. आपले वडील म्हणायचे की याला दुसऱ्या गल्लीतून येणाऱ्या गाडीचा सैल बोल्ट ऐकू येतो, आणि ते काही उगाच कौतुक करणाऱ्यातले नव्हते. तेव्हा माझं गणित मी गिळलं.

एकच अट. गाडी पायथ्याला ने, भर दुपारी, भिंगरीला पूर्ण जोरात चौथ्या वळणापर्यंत चढव म्हणावं. तिथेच इंजिन बंद करायचं, गाडी ढकलत बाजूला घ्यायची आणि चारही स्पार्क प्लग काढून, न पुसता, मला पाठवायचे. न पुसता. तुझा चकचकीतपणाचा सोस मला माहीत आहे.

सोबत नवी चादर आहे. ही परत नको.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

काय सांगू तुला. गाडी नाही, वादळ आहे. तिसऱ्या गिअरमध्ये भिंगरीनं पाय दाबला तेव्हा मी शेजारी बसलो होतो, माझी पाठ सीटला अशी चिकटली की टोपी मागे जाऊन पडली. आणि आवाज? एकसुद्धा नाही. टणटण नाही, कुरकुर नाही, काही नाही. लोण्यासारखं चालतंय. भिंगरीलाही विचारलं, तीही म्हणाली काही नाही.

गॅरेजला सध्या चांगले दिवस आहेत. दाराची बिजागरी इतकी वर्षं करकरायची, तीसुद्धा आपोआप गप्प झाली.

कालपासून लोक गाडी बघून जातायत. लालगाडीवालाही आला होता, सहज आल्यासारखं दाखवत होता. मी म्हटलं, शर्यतीच्या सकाळी तुझंही इंजिन ऐकून देईन, दरवर्षीसारखं. मन मोठं ठेवावं.

प्लग न पुसता पाठवलेत. बघ आणि खूश हो. आणि आता तरी मान्य कर की कानापुढे गणित फिकं.

कानसेन


२१ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझ्या शाळेच्या पत्त्यावर लिहितेय, कारण मगाशी फोनवर तू "हो आत्या, बरं आत्या" एवढंच करून ठेवून दिलास. बाबा समोर उभे असणार.

प्लग मिळाले. भिंगाखाली धरले. पांढऱ्या भागावर राखाडी चकचकीत ठिपके आहेत, मीठ भुरभुरावं तसे. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर सगळ्यात जास्त. ते मीठ म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. पिस्टन झिजतोय, तुम्ही गाडी पळवता तेव्हा प्रत्येक क्षणी. असे ठिपके येईपर्यंत इंजिन गप्प बसत नाही गं. ते ओरडत असतं. शेजारी बसलेल्या तुझ्या बाबांना ते ऐकू न येणं शक्य नाही. आणि तुलाही.

म्हणून सरळ विचारते. तू ऐकलंस का? आणि तुझे बाबा मला खोटं का लिहितात? जिंकायची इतकी हाव त्यांना कधी नव्हती.

उत्तर टपालानं नको, इकडे येणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती दे. मला जेवण गोड लागत नाहीये.

आत्या


२३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बाबा खोटं लिहीत नाहीत. खोटं मी बोलले.

त्यांना ऐकू येत नाही. म्हणजे सगळंच नाही असं नाही. मी समोर उभी राहून बोलले की कळतं, ट्रक गेला की कळतं. बारीक, उंच आवाज गेलेत. किटलीची शिटी त्यांना ऐकू येत नाही, पाणी आटून जातं. दाराची बिजागरी अजून करकरते, रोज करकरते. फोनवर तर त्यांना काहीच कळत नाही. उघड्या सायलेन्सरच्या गाड्यांशेजारी सगळा जन्म गेला, दुसरं काय होणार.

त्यांना स्वतःला किती कळलंय ते मला माहीत नाही. आम्ही याबद्दल बोललो नाही. एवढंच झालंय की हल्ली पेचकस लावून, डोळे मिटून ऐकून झालं की ते माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "तुला काय वाटतं?" आत्या, त्यांनी असं मला आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला अभिमान वाटला. नंतर लक्षात आलं.

त्या दिवशी घाटात तिसऱ्या गिअरला आवाज आला. डब्यात कोरडे वाटाणे हलवावेत तसा. बाबा शेजारी बसून हसत होते. इतकं खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलेलं नाही. मग त्यांनी वळून विचारलं आणि मी म्हटलं, काही नाही बाबा, छान आहे. हो म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं की मला ऐकू आलं आणि त्यांना नाही. तेवढं माझ्यानं झालं नाही.

मी ठरवलंय की शर्यतीत तो आवाज आला की पाय जरा उचलायचा आणि पुढे न्यायची. मला गाडीची सवय आहे. तुम्ही कृपा करून बाबांना काही लिहू नका. एवढी एक शर्यत होऊ दे. कान हीच त्यांची ओळख आहे, ती गेली तर ते गॅरेजमध्ये पाय ठेवणार नाहीत.

तुमची,
भिंगरी


२४ फेब्रुवारी

बाबा रे,

हे पत्र पार्सलात घालून ट्रकवाल्याच्या हाती देतेय, म्हणजे उद्याच पोचेल. भिंगरीनं मला लिहू नका म्हणून विनवलं होतं. तिचं मी ऐकणार नाही, आणि तूही तिला बोलायचं नाही. ही माझी आज्ञा समज.

प्लगवर पिस्टनचा धातू आहे. इंजिन नॉक करतंय, जोरात करतंय. ते भिंगरीला ऐकू आलं. तुला आलं नाही.

तू मला फसवलंस असं मी म्हणत नाही. तुला जेवढं ऐकू आलं तेवढंच तू लिहिलंस. पण तुझे बारीक आवाज गेलेत, आणि मला वाटतं तुलाही ते मनात कुठेतरी ठाऊक आहे, नाहीतर पोरीच्या तोंडाकडे बघितलं नसतंस. पोरगी तुझ्या मायेपोटी गप्प बसली. शर्यतीत आवाज आला की पाय उचलीन म्हणते. पाय उचलून वाचायचे दिवस त्या पिस्टनचे गेले. तो कधीही तुटेल, आणि चौथ्या वळणावर तुटला तर तू काय करशील ते मला लिहवत नाही.

चूक एकट्या तुझी नाही. हात धजत नसताना मशीन मी चालवली. तुझ्या कानावर माझाही फार जीव होता.

हेड आता परत जाड होणार नाही. म्हणून तांब्याचा पत्रा कापून पाठवतेय, सव्वा मिलिमीटर जाड, सगळी भोकं पाडून. नेहमीच्या गॅस्केटसोबत हेडखाली बसव. जागा वाढेल आणि साडेअकराचे बरोबर दहा होतील. तिसरा पिस्टन बदल, तुझ्याकडे जुना असेल.

दुसरी वस्तू तांब्याची नळी आहे. चेपलेलं टोक इंजिनाच्या बोल्टखाली घट्ट आवळ. दुसऱ्या टोकाची रबरी नळी डॉक्टर घालतात तशी दोन्ही कानांत घालायची. पत्रा लावायच्या आधी एकदा स्वतःच्या कानाला लाव आणि एकदा भिंगरीच्या, पायथ्याच्या पहिल्या चढावरच, चौथ्या वळणाच्या खूप खाली. मग माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच पडणार नाही.

तुला वाईट वाटणार. मला माहीत आहे, मलाही वाटतंय. लहानपणी तू गाडीचा आवाज ऐकून वडील कोपऱ्यावर आले म्हणायचास, तेव्हा मला तुझा हेवा वाटायचा. रागावलास तरी चालेल, आयुष्यभर बोलला नाहीस तरी चालेल. पत्रा बसव.

ताई


२ मार्च

ताई,

उत्तराला उशीर झाला. आधी तुझ्यावर रागावण्यात वेळ गेला.

पार्सल उघडलं, पत्र वाचलं आणि खोकं टेबलाखाली सरकवलं. भिंगरी शाळेतून आली, तिनं खोकं बघितलं, तुझं अक्षर ओळखलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आम्ही जेवलो. खोकं टेबलाखालीच राहिलं. दुसरा दिवसही तसाच गेला. मला सारखं वाटत होतं की तू जळतेस माझ्यावर. आता लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

शुक्रवारी नळी बसवली. भिंगरीला म्हटलं, पायथ्याला चल. चढावर पहिल्यांदा मी ती कानांत घातली. घुमल्यासारखं काहीतरी येत होतं, पाण्याखाली येतं तसं. बाकी काही नाही. मी म्हणालो, बघ, आत्याला काही कळत नाही. मग गाडी उलटी खाली घेतली आणि नळी तिच्या कानांत दिली. तिसरा गिअर पडला आणि पोरीनं असं तोंड केलं जसं कुणी तिच्या दातावर मारलं. तिनं नळी ओढून काढली. मी ते बघितलं. गाडी बाजूला घ्यायला लावली. ती रडत होती आणि सॉरी बाबा म्हणत होती, तेवढं मात्र मला ओठांवरून कळलं.

घरी येऊन हेड काढलं. तिसऱ्या पिस्टनची कड उंदरानं कुरतडावी तशी खाल्ली होती. मधे नखाएवढा धातू उरला होता. बोटानं दाबला तर तो तुटून माझ्या हातात आला. ताई, मी तो हातात घेऊन तिथेच खाली बसलो. रविवारी तो तुटायचा होता, पोरीच्या पायाखाली.

पिस्टन बदलला, पत्रा बसवला. रंगीत पाण्यानं मोजलं, दहा आले, तू म्हणालीस तेवढेच.

शर्यतीच्या सकाळी नेहमीसारखे सगळे आपापली गाडी चालू करून माझी वाट बघत उभे होते. भिंगरी माझ्यासमोर येऊन ओठ नीट हलवत म्हणाली, "बाबा, मी तुमच्या मागे उभी राहते. आवाज असला की खांद्यावर बोट ठेवते. कुणाला कळणार नाही." मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. मी पहिल्या गाडीपर्यंत गेलो, पेचकस इंजिनाला टेकवला. लालगाडीवालाच होता. तो माझ्याकडे इतक्या भरवशानं बघत होता की मी पेचकस खाली घेतला. दोन आठवड्यांपूर्वी तूही अशाच भरवशानं मशीन चालू केलीस, हे आठवलं.

मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही."

त्याला वाटलं गंमत करतोय, तो हसला. मग मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं, म्हणजे मागच्यांनाही कळावं. मला आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत, हिला येतात, हिच्याकडून ऐकून घ्या. कुणी काही बोललं असेल तर मला समजलं नाही. रांगेतले दोघे गाडी बंद करून गेले. लालगाडीवाला थांबला. भिंगरीनं त्याचं इंजिन ऐकलं आणि ठिणगीची वेळ मागे घ्यायला सांगितली. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ती म्हणते तसं कर. त्यानं केलं, आणि नंतर शर्यतही तोच जिंकला, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. आपली दुसरी आली, गेल्या वर्षीपेक्षा थोडी जास्त मागे.

दरवर्षी मी वर शेवटच्या वळणापाशी उभा राहतो. खालून एकेक गाडी सोडतात, आपली निघाली की मला सगळं ऐकू यायचं. कुठे गिअर टाकला, चौथ्या वळणाला पाय किती उचलला, सगळं. ती दिसायच्या आधीच मला माहीत असायचं की ती येते. या वेळी भिंगरीचा झेंडा पडल्याचं कुणीतरी खुणेनं सांगितलं आणि त्यानंतर काहीच नाही. आजूबाजूचे लोक कान देऊन उभे होते, मी त्यांच्या तोंडांकडे बघत होतो. चौथं वळण आलं की गेलं, ते मला कळायला मार्ग नव्हता. मी रस्त्याच्या कडेला आणखी पुढे सरकलो आणि वळणावर नजर लावून उभा राहिलो.

मग ती दिसली.

तुझा भाऊ